शौलाचे राज्य आणि ‘हेरेम’ या शब्दाचा गुंता

इस्राएलचा पहिला राजा शौल याच्या पदच्युतीची चर्चा बहुधा ‘यज्ञापेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ’ या संदेष्टा शमुवेलाच्या उत्तरापाशी येऊन थांबते. ते उत्तर ज्या आरोपातून आले, तो आरोप मात्र बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातील एका हिब्रू शब्दावर उभा आहे. तेराव्या अध्यायात, शमुवेलाची सात दिवस वाट पाहून शौलाने गिल्गाल येथे स्वतःच होमबली अर्पण केला, तेव्हा त्याचे राज्य टिकणार नाही एवढे सांगितले गेले होते. राजा म्हणून खुद्द त्याला नाकारले जाते ते अमालेकी या शत्रू टोळीवरील मोहिमेनंतर.

त्या मोहिमेचा हुकूम लेकरांपासून जनावरांपर्यंत सगळ्यांचा ‘हेरेम’ करण्याचा होता. मराठीत त्याचे ‘समूळ नाश’ असे भाषांतर केले की निम्माच अर्थ हाती लागतो. या शब्दाच्या मूळ क्रियाधातूचे अरबी भाऊबंद, ‘हराम’ आणि ‘हरम’, आपल्याकडे फारसीमार्गे रुळलेले आहेत, आणि दोन्हींत मुळाशी ‘इतरांना मज्जाव असलेले’ हीच कल्पना आहे. लेवीय पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायानुसार हेरेम ठरलेली वस्तू विकता येत नाही, मोबदला देऊन सोडवताही येत नाही, कारण ती परमेश्वराची परमपवित्र वस्तू झालेली असते. ही कल्पना एकट्या इस्राएलचीही नव्हती. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धीबान येथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व नवव्या शतकातील शिलालेखात शेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा हाच क्रियाधातू वापरून सांगतो की, नबो हे इस्राएली गाव घेतल्यावर तेथील सात हजार माणसे मारून ती आपण देवतेला वाहिली.

हे ध्यानात घेतले की शौलाचा बचाव का टिकला नाही ते कळते. उत्तम मेंढरे आणि गुरे राखली ती यज्ञासाठी, असे त्याचे म्हणणे होते. पण यज्ञ म्हणजे माणसाने आपले काही देवाला देणे, आणि जे आधीच देवाचे झाले आहे ते पुन्हा त्यालाच वाहण्यात देणाऱ्याचे काहीच जात नाही. शिवाय तेथील संवादातली सर्वनामे बारकाईने वाचावीत अशी आहेत. आज्ञा पाळली असे शौल सांगतो, तर मग ही मेंढरांची बेंबें कसली, असे शमुवेल विचारतो. त्यावर जनावरे राखली ती ‘लोकांनी’, बाकीची नष्ट केली ती ‘आम्ही’, आणि यज्ञ कोणासाठी, तर ‘तुझा देव परमेश्वर’ याच्यासाठी, असे उत्तर येते. निवेदक मात्र सहा वचने आधीच सांगून गेलेला असतो की अमालेक्यांचा राजा अगाग याला आणि उत्तम जनावरांना शौल व लोक या दोघांनी मिळून राखले.

तरीही शिक्षा प्रमाणाबाहेर वाटते, आणि तसे वाटणारा आजचा वाचक पहिला नव्हे. ‘मी पाप केले आहे’ हे शौलाचे शब्द पुढे उरीया या आपल्या सैनिकाचा खून करवल्यानंतर राजा दावीदही उच्चारतो. त्याला प्राणदंडातून त्याच वचनात सूट मिळते, शौलाला काहीही मिळत नाही. ताल्मुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातील योमा या प्रकरणात धर्मपंडितांनी शौलाच्या तोंडी युक्तिवाद घातला आहे: रानात एका माणसाचे प्रेत सापडले तर शास्त्र कालवडीचा विधी सांगते, मग इतक्या जिवांचे काय? मोठ्यांनी पाप केले असेल, पण लेकरांचा काय दोष? यावर आकाशवाणी होते की फाजील धार्मिक होऊ नकोस. पुढे हाच शौल नोब येथील पंच्याऐंशी याजकांच्या हत्येचा हुकूम देतो, तेव्हा फाजील दुष्टही होऊ नकोस, अशी दुसरी वाणी होते. मूळ अध्यायात या दयेचा मागमूस नाही, तिथे जनावरांतली टाकाऊ तेवढी मारली गेली. पंडितांना आज्ञेचीच टोचणी लागली होती, हे यावरून दिसते.

बायबलमधील एस्तेरच्या पुस्तकात यहुद्यांच्या जिवावर उठलेला हामान ‘अगागी’ ठरतो आणि त्याला तोंड देणारा मर्दखय कीशाच्या (शौलाच्या बापाचे नावही कीशच) बन्यामिनी वंशातला, म्हणजे शौलाचे अर्धवट राहिलेले प्रकरण पुन्हा उघडते. म्हणून हामानापासूनच्या सुटकेचा सण असलेल्या पुरिमपूर्वीच्या शब्बाथाला सभास्थानात हाच अध्याय वाचतात. कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी ज्याला ‘होळीचा सण’ म्हणत, तो हाच पुरिम.

‘हेरेम’ शब्दाचा प्रवास दुसऱ्याही वाटेने झाला. धर्मपंडितांच्या काळापासून तो समाजबहिष्कारासाठी वापरला जाऊ लागला. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने स्पिनोझा या तरुण तत्त्वचिंतकावर घातला तो हेरेमच. अमालेकाविषयीची आज्ञा मात्र व्यवहारात गोठवली गेली होती, कारण अश्शूरचा राजा सन्हेरीब याने सर्व राष्ट्रांची सरमिसळ केली, असे ताल्मुदाचा गाभा असलेली मिश्नाच सांगते, आणि या सरमिसळीनंतर अमालेकी कोण हे ओळखणार कसे? ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांनी गाझावरील युद्धाच्या संदर्भात ‘अमालेकाने काय केले ते आठव’ हे बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचन उच्चारले. डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नरसंहाराचा दावा दाखल केला, आणि त्यात या उच्चाराला शौलाला मिळालेल्या हुकुमाशी जोडले. पंतप्रधान कार्यालयाने हा अर्थ नाकारला आणि हेच वचन हेगमधील डच यहुद्यांच्या स्मारकावरही कोरलेले असल्याकडे बोट दाखवले.