गॅलेक्सी एक्सप्लोरर: माळ्यावरच्या यानाची चाळीस वर्षं

जुनं लेगो, म्हणजे एकमेकांत अडकवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे, जमवणारा माणूस खोकं उघडल्यावर आधी त्यातल्या खेळण्यातल्या अंतराळवीराची हनुवटी बघतो. सुरुवातीच्या त्या इवल्याशा हेल्मेटचा हनुवटीखालचा भाग इतका बारीक होता की थोडीफार काढघाल झाली की तो बरोबर मधोमध तडकायचा. म्हणून माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यात हेल्मेट धड निघालं तर त्या घरातलं मूल फारच जपून खेळायचं, आणि तडकलेलं निघालं तर त्याने या खेळात जीव ओतला होता, असं समजावं. बाजारात धड हेल्मेटाला जास्त पैसे पडतात. मला मात्र तडकलेलंच जवळचं वाटतं.

लेगोच्या जुन्या अंतराळमालिकेतला सर्वांत लाडका संच म्हणजे 'गॅलेक्सी एक्सप्लोरर'. वर्ष १९७९, युरोपातला क्रमांक ९२८, अमेरिकेतला ४९७, तुकडे ३३८. निळ्या-राखाडी रंगाचं त्रिकोणी पंखांचं यान, त्याला पिवळ्या पारदर्शक काचा, अंगावर छापलेलं 'एलएल ९२८'. मागची दारं उघडली की आतून छोटी चंद्रगाडी बाहेर यायची. शिवाय यान उतरवायला तळ, एक लहानशी खोली, खड्डे असलेली चंद्रभूमीची पाटी आणि चार अंतराळवीर, दोन लाल, दोन पांढरे. प्रत्येकाच्या छातीवर सोनेरी ग्रहाभोवती घिरटी घालणारं लाल यान. हेच चिन्ह पुढे दहा वर्षं टिकलं आणि आज प्रौढ माणसं ते टी-शर्टवर मिरवतात.

हे यान १९७९ मध्येच का आलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी १९३२ मध्ये सुरू झालेल्या लेगो कंपनीने आज आपण ओळखतो त्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. ठोकळ्याच्या पोटातल्या पोकळ नळ्या ही त्यातली खरी युक्ती. वरचे खुंट त्या नळ्यांच्या आणि भिंतींच्या मध्ये घट्ट धरले जातात, तरी मुलाच्या बोटांना सोडवता येतात. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, आणि १९७० च्या दशकात लेगोनेही चंद्राचे संच काढून पाहिले. पण त्यांतले अंतराळवीर ठोकळ्यांनीच बांधलेले, यानाच्या मानाने अवाढव्य. ते यानाशेजारी उभे राहायचे, यानात बसायचे नाहीत.

हा पेच सोडवला येन्स न्यूगोर क्नुडसेन यांनी. १९६८ पासून लेगोत काम करणाऱ्या या डिझायनरने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये हात-पाय हलवणारा छोटा माणूस आणला. उंची जेमतेम चार ठोकळ्यांएवढी, चेहरा पिवळा, दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक हसू. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हाच. माणसाचं माप एकदा ठरलं की दाराची उंची ठरते, खुर्चीची रुंदी ठरते, यानाची काच कुठवर यायची ते ठरतं. गाव, किल्ला आणि अंतराळ या तिन्ही मालिका त्याच माणसाच्या मापाने उभ्या राहिल्या. गॅलेक्सी एक्सप्लोरर पहिल्यांदा हातात घेतलेल्या मुलाला त्या मापाचं गणित माहीत नव्हतं, पण आत बसलेला माणूस दिसत होता.

आणखी एक गोष्ट आज सहज नजरेतून सुटते. या यानात बंदूक नाही. शत्रूही नाही. चारही जण हसतमुख, आणि कामं काय, तर खड्डे बघायचे, यंत्रं लावायची, संदेश पाठवायचे. लाल कोण आणि पांढरा कोण, कॅप्टन कुणाला म्हणायचं, हे मुलांनी आपापल्या घरी ठरवलं. पुढे पिवळे आले, १९८४ मध्ये निळे आणि काळे आले, तेव्हा घरोघरची पदंही बदलली असणार. खोक्याच्या पाठीवर त्याच तुकड्यांतून बनणाऱ्या दुसऱ्या यानांची चित्रं असायची, पण ती कशी बनवायची याची कृती दिलेली नसायची. चित्राकडे बघत तासन्‌तास डोकं लढवायचं.

१९८७ मध्ये काळ्या-पिवळ्या यानांची ब्लॅकट्रॉन मालिका आली, मागोमाग अंतराळातले पोलीस आले, आणि निरागस शोधमोहिमेचं पर्व संपलं. १९७८ ते ८७ या काळाला चाहते 'क्लासिक स्पेस' म्हणतात. १९९९ मध्ये कंपनीने एका गाजलेल्या चित्रपटमालिकेचा परवाना घेतला; तेव्हापासून मुलाच्या हातात यानाबरोबर तयार गोष्टही येऊ लागली.

तोवर पहिली मुलं मोठी झाली होती. लेगो सुटल्यापासून पुन्हा हाती येईपर्यंतच्या वर्षांना प्रौढ चाहते 'अंधारयुग' म्हणतात. ते संपायला अनेकदा निमित्त होतं स्वतःचं मूल, किंवा आईवडिलांचं घर आवरताना निघालेलं खोकं. अशा खोक्यात यान अर्धंच असतं. उरलेलं मिळवण्याची सोय २००० मध्ये झाली. ब्रिकलिंक नावाचा ऑनलाइन बाजार सुरू झाला आणि जगभरातल्या माणसांकडून एकेक सुटा तुकडा मागवता येऊ लागला. २०१९ मध्ये लेगोनेच तो विकत घेतला.

जुळवाजुळव सोपी नसते. हे ठोकळे एबीएस प्लॅस्टिकचे, उन्हात त्यांचा रंग उतरतो. पांढरे आणि राखाडी पिवळट पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात घालून प्रकाशात ठेवले की बरेचसे उजळतात. पिवळ्या काचांना चिरा जातात, खड्ड्यांची पातळ पाटी दुमडते, छातीवरचं सोनेरी चिन्ह घासून पुसट होतं. त्यात २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडी रंगाची छटाच बदलून निळसर केली. तुटलेल्या तुकड्याच्या जागी नवा लावला तर तो ठिगळासारखा उठून दिसतो. चाहत्यांनी तेव्हा मोठा गहजब केला होता, आणि तो रास्तच होता.

आपल्याकडे हा संच बालपणात मिळालेली माणसं थोडी. आयातीवर निर्बंध होते. लेगो यायचं ते आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या काका-मामांच्या बॅगेतून. बाकीच्यांनी मेकॅनिक्सच्या लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट यांवर हौस भागवली. त्यामुळे आज यान जुळवणाऱ्या कित्येक मराठी माणसांसाठी ते शेजारच्या घरी पाहिलेलं, हात न लावू दिलेलं यान आहे.

कंपनीलाही ही ओढ कळली होती. २०१४ च्या 'द लेगो मूव्ही'त बेनी हा निळा अंतराळवीर आला, तो तडकलेलं हेल्मेट आणि पुसट चिन्ह घेऊनच. नव्वदावं वर्ष जवळ आल्यावर लेगोने २०२१ मध्ये चाहत्यांनाच विचारलं, जुन्यातलं काय परत हवं? ऑगस्ट २०२२ मध्ये गॅलेक्सी एक्सप्लोरर परतलं. क्रमांक १०४९७, तुकडे १,२५४, लांबी ५२ सेंटिमीटर, डिझायनर माइक सियाकी. यान मूळच्या सुमारे दीडपट आहे. मला हे माप फार विचाराने ठरवलेलं वाटतं: दहा वर्षांच्या मुलाच्या हातात जुनं यान जितकं मोठं वाटायचं, तितकंच हे आता मोठ्या माणसाच्या हातात वाटतं. अंतराळवीर मात्र त्याच मापाचे राहिले. तेही पुन्हा दोन लाल, दोन पांढरे, फक्त हेल्मेटची हनुवटी आता जाड.

क्नुडसेन फेब्रुवारी २०२० मध्ये गेले. हे यान त्यांना बघायला मिळालं नाही. पण १९७९ च्या खोक्यातला त्यांचा लाल अंतराळवीर, हनुवटीला चीर असलेला, २०२२ च्या यानाच्या खुर्चीत बसवून पाहा. तो टक्‌ करून बसतो.