कासवी नजरेनं पिल्लं वाढवते? नाही हो!

परवा पेठेतल्या देवळात एक आजी दगडी कासवाकडे बोट दाखवत नातवाला सांगत होत्या, कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते. कीर्तनात ऐकलेलंच, गोड आहे पण खरं नाही.

कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालून वाळू थापते आणि तासाभरात समुद्रात, वळूनही बघत नाही. पुढे ४५ ते ६० दिवस सगळं वाळूच्या उबेवर, नर की मादी तेही तापमानच ठरवतं, जास्त तापली तर माद्या जास्त. पिल्लू सुरुवातीला जगतं ते पोटात उरलेल्या बलकावर.

नजर ठेवतात ते गावकरी, २००२ पासून, कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवायला अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात.