विमानवाहू नौकेचं रिंगण

जुनी 'विक्रांत' मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा भाच्याला दाखवायला नेलं होतं. डेकवर दोन फेऱ्या मारून झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, एवढी मोठी बोट, मग मोठ्या तोफा कुठायत?" मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं, की विमानवाहू नौका म्हणजे पेट्रोल आणि बॉम्ब ठासून भरलेलं तरंगतं कोठार. ती लढाईत एकटी जातच नाही. तिच्या मोठ्या तोफा शेजारच्या नौकांवर असतात.

या शेजारणी कशा मांडायच्या? अमेरिकी नौदलाने रिंगण निवडलं. १९२२-२३ मध्ये तिथल्या नेव्हल वॉर कॉलेजात मॅकफॉल नावाच्या अधिकाऱ्याने ही रचना पटावर मांडली, आणि त्याच्याबरोबर शिकणाऱ्या चेस्टर निमिट्झने ती उचलून धरली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक ताफा याच निमिट्झच्या हाती होता. मध्यभागी विमानवाहू नौका, त्यांच्याभोवती बॅटलशिप आणि क्रूझर या मोठ्या तोफांच्या युद्धनौका, सर्वांत बाहेर विनाशिका, म्हणजे लहान, वेगवान युद्धनौका. (ही महाभारतातल्या चक्रव्यूहाची नक्कल, असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. चक्रव्यूहात शत्रूला आत घेऊन कोंडतात. इथे सगळा खटाटोप त्याला आत न येऊ देण्याचा आहे.)

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. विमान उडवायचं तर नौकेला वाऱ्याच्या तोंडावर जावं लागतं. नौकेचा वेग २५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर), समोरून वारा १५ नॉट, म्हणजे विमानाला जागच्या जागी ताशी ७४ किलोमीटरचा वारा फुकट मिळतो. पण त्यासाठी अख्ख्या ताफ्याला दिवसातून कितीतरी वेळा वळावं लागतं. दोन सागरी मैल लांबीची रांग कवायतीतल्यासारखी काटकोनात वळवली, तर आतल्या टोकाची नौका जागीच राहते आणि बाहेरच्या टोकाचीला तीन मैलांहून जास्त धावावं लागतं. रिंगणात ही भानगड नाही. प्रत्येक नौकेची जागा मध्यापासून ठरते: अमुक अंतर, अमुक दिशा. सगळ्यांनी एकाच क्षणी तेवढ्याच अंशांनी वळायचं. पुढची विनाशिका आता बाजूला येते, बाजूची पुढे. कुंपणाला भोक कुठेच पडत नाही. वारीतल्या रिंगणासारखंच, फक्त इथे रिंगणच पळतं.

मग एका रिंगणात विमानवाहू नौका किती? इथे शाळेतली भूमिती येते. चार नौकांना चौपट क्षेत्रफळ लागतं असं धरलं, तर त्रिज्या दुप्पट होते, आणि परीघही दुप्पटच. म्हणजे एकीला सहा विनाशिका पुरत असतील, तर चौघींना चोवीस नव्हे, बारा पुरतात. पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्याची भीतीही खरीच होती. जून १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका एकत्र होत्या, रडार नव्हतं, सोबतच्या नौका विखुरलेल्या. चारही बुडाल्या. अमेरिकेच्या तीन नौका दोन गटांत होत्या. जपानी विमानांना 'यॉर्कटाउन' सापडली, बाकीच्या दोघी सुटल्या.

१९४३ नंतर अमेरिकेने एकत्र राहण्याचा धोका पत्करला, कारण आता रडार होतं, त्यावरून लढाऊ विमानांना रेडिओवर दिशा देणारे अधिकारी होते, आणि विमानाजवळ पोचताच आपोआप फुटणारे तोफगोळे होते. मात्र चारपेक्षा जास्त नौका सहसा एका रिंगणात घेत नसत. परतणाऱ्या विमानांच्या घिरट्या एकमेकींत गुंतायला लागतात.

१९ जून १९४४ला पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांजवळ जपानशी लढताना अमेरिकी ॲडमिरल मिट्शरच्या 'टास्क फोर्स ५८' या ताफ्यात अशी चार रिंगणं होती. तिघांत चार-चार आणि चौथ्यात तीन, एकूण १५ विमानवाहू नौका. प्रत्येक रिंगण साधारण चार मैल व्यासाचं, दोन रिंगणांत बारा ते पंधरा मैलांचं अंतर. सात बॅटलशिप वेगळ्या काढून शत्रूच्या बाजूला, पश्चिमेला उभ्या केल्या होत्या. वारा नेमका पूर्वेकडून. त्यामुळे विमानं उडवण्यासाठी दर वेळी शत्रूकडे पाठ करून पळावं लागत होतं! तरीही रडारने दीडशे मैलांवरून हल्ला टिपला आणि जपानची बहुतेक विमानं रिंगणापर्यंत पोचलीच नाहीत. त्या दिवशी 'तायहो' आणि 'शोकाकू' या दोन जपानी विमानवाहू नौका बुडाल्या, पण त्या बुडवल्या अमेरिकी पाणबुड्यांनी.