उपजत ज्ञान (कृत्रिम बुद्धिमत्ता)

उपजत ज्ञान : पहिले उदाहरण पाहण्याआधीच यंत्राच्या रचनेत मुरलेली गृहीतके. उदाहरणांतून यंत्र जे कमावते तो अनुभव.

ठाण्यात हा भेद पक्ष्यांवरून समजावता येतो. उपवन तलावाकाठी कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ मोठेपणी काव-काव करत नाही, कुहूच करतो, स्वर उपजत. खाडीतल्या रोहित पक्ष्याचे (फ्लेमिंगो) तसे नाही. पिल्लू राखाडी असते, गुलाबी रंग शेवाळासारख्या खाण्यातून चढतो. पण पाणी गाळणारी चोच आणि तो रंग पिसांत उतरवणारे शरीर अंगचेच. यंत्रांचे शिकणे बहुधा रोहितच्या जातीचे.

संगणकशास्त्राचे प्रवर्तक ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये सुचवले, की प्रौढाऐवजी बालमनाचे यंत्र करून त्याला शिकवावे. बालमन म्हणजे थोडी यंत्रणा आणि पुष्कळ कोरी पाने, अशी त्यांना आशा होती. (‘थोडी’ म्हणजे किती, यावरच पुढचा सगळा वाद.)

सर्वांत कामी आलेले उपजत ज्ञान न्यूरल जाळ्याच्या (एकमेकांना जोडलेल्या साध्या गणन-एककांच्या) जोडणीत लपलेले आहे. संगणकशास्त्रज्ञ यान लकून यांनी १९८९ मध्ये वापरलेल्या, चित्रे ओळखणाऱ्या कन्व्होल्यूशनल जाळ्यात एकच चाळणी (छोट्या खुणा शोधणारा आकड्यांचा संच) चित्रभर फिरते. म्हणून ऐरोलीच्या किनाऱ्यावरून काढलेल्या फोटोत रोहित डावीकडे असो वा उजवीकडे, तो नव्याने शिकावा लागत नाही. २०२० मध्ये आलेल्या व्हिजन ट्रान्सफॉर्मर या चित्रे ओळखणाऱ्या नव्या जाळ्यातून हे गृहीतक बरेचसे काढले गेले. सुमारे १३ लाख चित्रांवर शिकून तो जुन्या जाळ्यांच्या मागे राहिला, ३० कोटींवर पुढे गेला. उपजत कमी केले की भुर्दंड अनुभवावर पडतो.

गो हा पटावरचा खेळ खेळणारा २०१७ चा संगणक-प्रोग्राम अल्फागो झीरो ‘शून्यातून शिकला’ असे सर्रास लिहितात. माणसांचा एकही डाव न पाहता त्याने, गोचे नामवंत खेळाडू ली सेडोल यांना हरवणाऱ्या आपल्याच आधीच्या आवृत्तीवर १००–० मात केली, हे खरे. पण खेळाचे नियम, पट फिरवला तरी डाव तोच ही समज आणि चाली धुंडाळण्याची पद्धत आधीच दिलेली होती. शून्य जरा उदारपणे मोजलेले दिसते.

भाषेत तफावत प्रचंड आहे. जीपीटी-३ हे मजकूर लिहिणारे भाषा-प्रारूप सुमारे ३०,००० कोटी शब्दतुकड्यांवर घडले. घोडबंदर रोडवरचे मूल आजीची मराठी, शेजारची हिंदी आणि शाळेतली इंग्रजी धरूनही दहा वर्षांत त्याचा हजारावा हिस्साही ऐकत नाही. तरी ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते. असे घरात कोणी बोलत नाही, म्हणजे नियम त्याने स्वतःच बसवला. ही उपजत व्याकरणाची खूण मानावी, तर १९८६ मध्ये रमेलहार्ट आणि मॅक्लेलँड या मानसशास्त्रज्ञांच्या छोट्याशा जाळ्याने इंग्रजी क्रियापदांत याच जातीच्या चुका केल्या होत्या, आणि त्याला व्याकरणाचा एकही नियम दिलेला नव्हता.