पार्श्वभूमी : स्वस्त विमान तिकीट आणि ‘सुविधा शुल्क’

बुकिंगच्या संकेतस्थळावर प्रथम दिसणारे भाडे आणि पैसे भरताना खात्यातून प्रत्यक्षात वजा होणारी रक्कम यांतील तफावत ग्राहकांच्या तक्रारींत वारंवार येते आणि त्या तफावतीचा एक ठळक भाग ‘सुविधा शुल्क’ या नावाने वसूल होतो. हे शुल्क संकेतस्थळांनी आपणहून काढले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः त्याचे मूळ विमान कंपन्यांनी २००८ साली तिकीट एजंटांबाबत घेतलेल्या निर्णयात आहे आणि तो निर्णय समजून घेतल्याशिवाय ‘स्वस्त भाडे’ म्हणजे नेमके कोणते भाडे, या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

१९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यासाठीचा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. या चार दशकांत देशांतर्गत प्रवाशासमोर भाड्याची निवड जवळजवळ नव्हती. खासगी कंपन्या आल्यावरही काही वर्षे स्पर्धा सेवेत होती, दरात फारशी नव्हती. बऱ्याच आधी तिकीट काढणाऱ्यास सवलत देणारे ‘एपेक्स’ भाडे रूढ झाले, तेव्हा एकाच विमानातील शेजारच्या दोन आसनांचे दर वेगळे असू शकतात, ही कल्पना आपल्याकडे रुजू लागली.

ऑनलाइन विक्रीचा आरंभ मात्र देशांतर्गत प्रवाशासाठी झालेला नाही. भारतातील सर्वांत मोठ्या प्रवास संकेतस्थळांपैकी एक २००० साली सुरू झाले ते अमेरिकेतून मायदेशी येणाऱ्या भारतीयांना तिकिटे विकण्यासाठी. क्रेडिट कार्ड आणि घरी इंटरनेट या दोन्ही गोष्टी तेव्हा त्यांच्याकडे होत्या. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही याच ग्राहकवर्गातील. भारतातील सर्वसामान्य प्रवाशाला ऑनलाइन तिकिटाची सवय लावली ती रेल्वेने, ऑगस्ट २००२ पासून. त्यानंतर वर्षभरात, ऑगस्ट २००३ मध्ये, पहिल्या स्वस्त दराच्या विमान कंपनीने उड्डाणे सुरू केली. पुढे तिने एक रुपयाची तिकिटेही विक्रीस काढली. एजंटांच्या संगणकांवर चालणाऱ्या जागतिक आरक्षण यंत्रणेचा खर्च टाळून थेट इंटरनेटवर विक्री करणे, हा तिच्या स्वस्ताईचा पाया होता. २००५ आणि २००६ या दोन वर्षांत देशांतर्गत प्रवासासाठीची मोठी संकेतस्थळे एकापाठोपाठ एक सुरू झाली, याचे कारण विकण्याजोगी स्वस्त तिकिटे आता उपलब्ध होती.

एक रुपयाच्या तिकिटाने प्रवाशाला एक नवे अंकगणितही शिकवले. मूळ भाडे एक रुपया असले तरी कर, विमानतळाचे शुल्क आणि अधिभार त्यावर चढत असत. खनिज तेलाचे दर २००८ च्या जुलैमध्ये पिंपाला १४७ डॉलरच्या घरात पोहोचले, तेव्हा अनेक मार्गांवर इंधन अधिभार मूळ भाड्याहून मोठा झाला होता. जाहिरातीतला आकडा आणि तिकिटाची खरी किंमत यांची फारकत अशा रीतीने संकेतस्थळांवरील शुल्काच्या आधीच सुरू झालेली होती.

याच २००८ च्या अखेरीस, तोट्यात गेलेल्या विमान कंपन्यांनी एजंटांचे कमिशन शून्यावर आणले. टप्प्याटप्प्याने ते आधीपासूनच कमी होत आले होते, परंतु ते पूर्णपणे बंद होणे हा गल्लीतल्या एजंटाच्या दृष्टीने अस्तित्वाचाच प्रश्न होता. मुंबई-पुण्यात दोन टेबले आणि एक टेलिफोन यांवर पिढ्यानपिढ्या व्यवसाय करणाऱ्यांची उपजीविका त्या काही टक्क्यांवर चालत असे. प्रवाशाचा व्हिसा अडला किंवा विमान रद्द झाले, तर रात्री दूरध्वनी उचलणारा माणूस तोच होता. काही परदेशी कंपन्यांच्या तिकीटविक्रीवर एजंटांनी बहिष्कार टाकला. काही देशी कंपन्यांनी नंतर अंशतः कमिशन पुन्हा देऊ केले. मुख्य पर्याय म्हणून मात्र ‘व्यवहार शुल्क’ पुढे आले : एजंटाचा मोबदला विमान कंपनीने देण्याऐवजी प्रवाशाने भाड्याव्यतिरिक्त वेगळा द्यावा.

येथे वाद ‘भाडेदर’ या कायदेशीर शब्दापाशी येऊन ठेपला. विमान नियम, १९३७ मधील नियम १३५ नुसार कंपनीने वाजवी भाडेदर ठरवून तो जाहीर करावयाचा असतो. भाडेदराच्या व्याख्येत एजंटाचा मोबदलाही अंतर्भूत आहे, तेव्हा कंपनीने तो आपल्या भाड्यातूनच द्यावा आणि प्रवाशाकडे निराळा मागू नये, असे एजंटांचे म्हणणे होते. मोबदला किती द्यायचा आणि द्यायचा की नाही, हा दोन व्यावसायिकांमधील करार आहे, असे कंपन्यांचे उत्तर होते. कंपन्यांनी कमिशन द्यावे, असा कौल २०१० मध्ये विमान वाहतूक नियामकाने दिला आणि प्रकरण न्यायालयांत गेले. तिकिटावर व्यवहार शुल्क आकारू नये, असे २०१२ च्या अखेरीस सरकारने कंपन्यांना बजावले. प्रवाशाच्या बाजूचा म्हणून या आदेशाचे स्वागत झाले, परंतु मूळ प्रश्न, म्हणजे विक्री करणाऱ्याचा मोबदला कोणी द्यायचा, तसाच राहिला. व्यवहार शुल्काची जागा ‘सुविधा शुल्का’ने घेतली. हे शुल्क भाड्याचा भाग न मानता बुकिंगच्या सेवेची किंमत मानले गेले. त्यामुळे ते पहिल्या आकड्यात न दाखवता शेवटच्या पानावर दाखवणे शक्य झाले, आणि तिकीट रद्द झाल्यास परत न देणेही.

‘सुविधा शुल्क’ या शब्दाची सर्वांत खटकणारी बाजू अशी की, एजंटाच्या मोबदल्यासाठी जन्मलेले शुल्क विमान कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळांवरही आकारू लागल्या, जेथे मध्यस्थ कोणीच नाही. प्रवासी स्वतः माहिती भरतो, स्वतः आसन निवडतो, स्वतः तिकीट छापतो आणि त्या श्रमांबद्दल त्यालाच शुल्क पडते. पैसे स्वीकारणाऱ्या बँकिंग यंत्रणेचा खर्च असतो, हे समर्थन अगदीच निराधार नाही. पण तो खर्च भाड्यात धरण्यास कोणाची हरकत नव्हती.

रेल्वेचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. ऑनलाइन तिकिटावरील सेवा शुल्क नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये माफ करण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये ते सुविधा शुल्क म्हणून परतले : वातानुकूलित वर्गासाठी ३० रुपये आणि इतर वर्गांसाठी १५ रुपये, तर यूपीआयने पैसे भरल्यास अनुक्रमे २० आणि १० रुपये. या उत्पन्नातील निम्मा वाटा सरकारला द्यावा, असा निर्णय ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला, तेव्हा तिकीटविक्री करणाऱ्या सरकारी कंपनीचा समभाग कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी निर्णय मागे घ्यावा लागला. किरकोळ वाटणारे हे शुल्क त्या व्यवसायाचा केवढा मोठा आधार झाले होते, ते त्या दिवशी उघड झाले.

दरम्यान तुलना करणेच अवघड होत गेले. एप्रिल २०१३ मध्ये पसंतीचे आसन, जेवण, सामान अशा सेवांसाठी स्वतंत्र शुल्क घेण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. २०२१ मध्ये चेक-इन सामानाविना प्रवास करणाऱ्यासाठी वेगळे, कमी भाडे ठेवण्यास परवानगी दिली गेली. संकेतस्थळावर सर्वांत वर दिसणारे भाडे त्यामुळे प्रत्येक वेळी त्याच वस्तूचे भाडे राहिले नाही. २०१६ मध्ये तिकीट रद्द करण्याच्या शुल्कावर मर्यादा आली, परंतु ती मर्यादा मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेएवढी आहे. स्वस्त तिकीट रद्द केल्यास कर आणि विमानतळाचे शुल्क यांखेरीज विशेष काही हाती पडत नाही, ते यामुळेच.

हॉटेलांकडे संकेतस्थळे वळली, याचे कारणही कमिशनच. विमानाच्या तिकिटावर मिळेनासा झालेला मोबदला खोलीच्या भाड्यावर कित्येक पट मिळत होता. त्यातून भरघोस सवलती आल्या. त्यांच्यामागील ‘दर-समानते’ची अट मात्र ग्राहकाला दिसत नव्हती. हॉटेलमालकाने बुकिंगच्या संकेतस्थळाला दिलेल्या दराहून कमी दर स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा अन्यत्र देऊ नये, असे त्या अटीचे स्वरूप असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धाविषयक नियामकाने अशा अटी आणि एका हॉटेल साखळीला दिलेले झुकते माप यांबद्दल दोन कंपन्यांना मिळून सुमारे ३९२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. काट मारलेल्या ‘मूळ’ दराचाही एक विचित्र अध्याय आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा कराचा टप्पा खोलीच्या जाहीर दरावरून ठरत असे. आठ हजारांची म्हणून जाहीर झालेली खोली पाच हजारांत मिळाली, तरी त्या पाच हजारांवर आठ हजारांच्या टप्प्याचा २८ टक्के कर लागे. जुलै २०१८ मध्ये प्रत्यक्ष आकारलेली रक्कम आधार मानण्यात आली.

कोविड महासाथ आल्यावर मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात भाड्यांवर सरकारी किमान व कमाल मर्यादा होत्या, तेव्हा संकेतस्थळांना भाड्यात फरक दाखवण्यास फारसा वाव उरला नव्हता. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षणासाठी फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे आली. सुरुवातीस कमी दर दाखवून शेवटी वाढवणे, न मागितलेला विमा बिलात घालणे, ‘दोनच खोल्या शिल्लक, तीस जण आत्ता पाहत आहेत’ अशी खोटी घाई निर्माण करणे, हे सारे त्यांत येते आणि त्यांतील काही उदाहरणे थेट प्रवास बुकिंगमधून घेतलेली आहेत. सुविधा शुल्क घ्यावे की घेऊ नये, याबद्दल मात्र त्या तत्त्वांत निर्णय नाही. ते आरंभीच्या आकड्यात दाखवले की त्या तत्त्वांची पूर्तता होते.