टर्नटेबल अपग्रेड करताना कार्ट्रिजची घाई नको

चांगल्यातल्या टर्नटेबलवर अजून पैसे घालायचे ठरले की बहुतेक जण आधी कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीचं व्होल्टेज करणारा छोटा भाग) बदलतात, कारण सुई थेट रेकॉर्डला लागते म्हणजे सगळा फरक तिथूनच येणार असं वाटतं. मला हा क्रम उलटा वाटतो, आणि त्यामागे साधं फिजिक्स आहे.

कार्ट्रिज मोजतं काय, तर सुई आणि कार्ट्रिजची बॉडी यांच्यातली हालचाल, बस्स. खाचेतल्या वळणामुळे सुई हलली, की रेकॉर्ड ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या थरथरीने अख्खी रेकॉर्ड हलली, की टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) ढिला असल्याने बॉडीच हलली, हे त्याला कळायला मार्ग नाही, तिन्हीचं व्होल्टेजच होतं. गाण्यातल्या हळू आवाजाच्या जागांची वळणं एका मायक्रॉनपेक्षाही छोटी असतात, म्हणजे तेवढीशी थरथरसुद्धा गाण्याच्या बरोबरीची! त्यात रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो आणि फोनो स्टेज (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) तो परत वाढवते, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल, त्यामुळे बेअरिंगची घरघरही तेवढीच वाढून स्पीकरपर्यंत येते.

स्कॉटलंडच्या लिन कंपनीचा सोंडेक एलपी१२ हा १९७३ पासून चालू असलेला टर्नटेबल आधी मशीन सुधारत जाण्याचं उत्तम उदाहरण. मूळ मशीन तेच ठेवून त्याचे पार्ट बदलत गेलेत, १९८२ ला वाल्हाला पॉवर सप्लाय, मग लिंगो हा पुढचा पॉवर सप्लाय, १९९३ ला सर्कस बेअरिंग, २०२० ला करूसेल बेअरिंग, आणि जुन्या मशीनलाही हे बसतात, ही गोष्ट मला फार आवडते. वाल्हालाचं काम समजून घेण्यासारखं आहे: सिंक्रोनस मोटरचा स्पीड विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, म्हणून घरातल्या लाइनवर न विसंबता क्वार्ट्झ क्रिस्टलच्या आधाराने स्वतःचे ५० हर्ट्झ तयार करायचे.

टोनआर्म आणि कार्ट्रिजची जोडी जमणं किमतीपेक्षा महत्त्वाचं. आर्मचं वजन आणि सुईच्या दांडीचं लवचिक सस्पेन्शन (दांडी ज्यावर टेकते तो मऊ भाग) मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी ठरावीक फ्रिक्वेन्सीवर डोलतात, ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवी. खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर सुई नाचते, वर गेली तर बासमध्ये घुसते. जड आर्मवर खूप मऊ सस्पेन्शनचं महाग कार्ट्रिज लावलं तर पैसे वाया.

हे सगळं झालं की मग सुई, आणि तिथे फरक खरंच ऐकू येतो, विशेषतः रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या स्पीडला बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर पळते, आत लेबलजवळ फक्त २१, म्हणून १० किलोहर्ट्झची एक लाट तिथे जेमतेम २१ मायक्रॉन लांबीत कोंबलेली असते. गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉन, ती त्या वळणात नीट शिरतच नाही, मग स, श फाटतात. इलिप्टिकल सुईची कड ८ मायक्रॉनच्या आसपास, लाइन कॉन्टॅक्ट प्रकारच्या सुईची अजून बारीक, पण ही सुई तिरकी बसली तर फायदा राहतो बाजूला, म्हणून अलाइनमेंट काटेकोर हवं.

आणि घरात नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांवर ही सुई अजिबात लावू नका, त्यांची खाच खूप रुंद, बारीक सुई तळाशी घासत राहते. त्यांना ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची वेगळी सुई लागते, आणि ७८ चा स्पीड असलेला टर्नटेबलही.