सावडीची वही ब्लॉकचेनवर : केनियातल्या एका प्रयोगाची पार्श्वभूमी

केनियाच्या किनारपट्टीवर, किलिफी-क्वाले भागातल्या मिजिकेंडा समाजात ‘म्वेरिया’ नावाची जुनी रीत आहे. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात राबायचं, परवा माझ्या. म्हणजे आपली सावडच. जुन्नर-आंबेगावकडची पडकई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जास्त समजावून सांगायला नको. तिथले काही गट झाडं आणि पिकं एकत्र घेणारी शेती उभी करताना या सावडीचा हिशोब ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राहणाऱ्या आणि मागाहून खोडायला अवघड अशा डिजिटल वहीत, ठेवतात आणि त्या हिशोबाच्या आधारे बाहेरून निधीही येतो. ‘क्रिप्टोतून जंगल’ म्हटलं की लोक एकतर भारावतात नाहीतर नाक मुरडतात. प्रत्यक्षात याची सुरुवात कागदी चिठ्ठ्यांपासून झाली.

विल रडिक हा भौतिकशास्त्र शिकलेला अमेरिकी तरुण. 2010 मध्ये त्याने मोंबासाच्या कोंगोवेआ भागातल्या गरीब वस्त्यांत ‘इको-पेसा’ आणलं. कचरा गोळा करा, रोपवाटिकेत काम करा, चिठ्ठ्या मिळवा आणि त्या वस्तीतल्याच दुकानांत चालवा. सुमारे 20 टन कचरा उचलला गेला, रोपवाटिकाही झाल्या. पण चिठ्ठ्यांच्या पाठीशी देणगीदारांचा पैसा होता, आणि असा पैसा कधीतरी आटतोच.

म्हणून 2013 मध्ये मोंबासाच्याच ‘बांगलादेश’ नावाच्या वस्तीत ‘बांगला-पेसा’ सुरू झालं. यात देणगीचा टेकू नव्हता. भाजीवाली, शिंपी, पाणी विकणारा यांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, बस्स. हातात शिलिंग (केनियाचं चलन) नाहीत म्हणून अडून राहणारा व्यवहार या उसनवारीने सुरू राहायचा. काही आठवड्यांतच पोलिसांनी रडिकसह सहा जणांना धरलं. संशय बनावट चलनाचा! काही महिन्यांनी प्रकरण मिटलं आणि उलट योजनेचीच चर्चा झाली.

कागदाचे त्रास मात्र उरलेच. चिठ्ठ्या फाटतात, छपाईला खर्च येतो आणि दोन वस्त्यांमधला हिशोब जुळवताना नाकी नऊ येतात. 2018 च्या सुमारास रडिकच्या ‘ग्रासरूट्स इकॉनॉमिक्स’ या संस्थेने चिठ्ठ्यांचे टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंदलेल्या डिजिटल चिठ्ठ्या, केले. स्वाहिलीत ‘सराफू’ म्हणजे चलन, नाणं. तेच नाव रूढ झालं. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा 2007 पासून घरोघरी असल्यामुळे फोनवरून पैसे पाठवणं लोकांना सवयीचं होतंच. साध्या बटणांच्या फोनवर आकडे दाबायचे. मागे ब्लॉकचेन आहे की आणखी काही, बाजारात बसणाऱ्या बाईला त्याचं सोयरसुतक नव्हतं. 2020 च्या कोविड काळात रोजगार बुडाले तेव्हा केनिया रेड क्रॉसच्या साथीने वापर झपाट्याने वाढला. दरम्यान ब्लॉकचेन मात्र एकाहून अधिक वेळा बदलावी लागली. 2023 मध्ये सराफू ‘सेलो’ नावाच्या ब्लॉकचेनवर गेलं. ‘कायमची नोंद’ म्हणून मिरवणाऱ्या तंत्राची एवढी बिऱ्हाडं बदलावीत, हे गमतीचंच.

शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल नंतरचा. सगळ्यांचं एकच चलन ठेवण्याऐवजी प्रत्येक गटाने आपलं स्वतःचं व्हाउचर काढायचं. समजा, एका गटाचं व्हाउचर म्हणजे ‘आम्ही इतके तास काम करू’ हा शब्द. अशी व्हाउचरं एका सामायिक साठ्यात ठेवतात. बाहेरचा देणगीदार डॉलरशी बांधलेलं डिजिटल चलन त्यात टाकतो आणि बदल्यात गटाचं व्हाउचर घेतो. ते वटवायचं कसं? गटाने कुदळी-फावडी घेऊन सामायिक जमिनीवर जायचं, चर खणायचे, केळी-कसावाच्या मध्ये झाडं लावायची. म्हणजे देणगीच सावडीत सामील होते. आपला वाटा घालते आणि श्रमाने फेडून घेते. कार्बन क्रेडिटच्या बाजारात आधी झाडांनी शोषलेल्या कार्बनचे टन मोजावे लागतात, तपासनीस बोलवावे लागतात, आणि छोट्या शेतकऱ्याच्या हाती पैसा पडेपर्यंत वर्षं जातात. इथे मोजमाप आहे ते कामाच्या तासांचं. मला वाटतं, या प्रयोगाचं खरं बळ यातच आहे आणि कच्चा दुवाही यातच.

कारण केनियातच त्याआधीचा एक कडक नियम आहे. पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी 1977 मध्ये सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट या झाडं लावण्याच्या चळवळीत बायकांना रोपामागे अगदी थोडे पैसे मिळत, आणि तेही रोप जगलं तरच. व्हाउचरच्या वहीत चर खणल्याचा दिवस चढतो. दोन उन्हाळ्यांनंतर त्या चराशेजारी झाड उभं आहे का, ते पाहायला कुणाला तरी शेतावर जावं लागतं.